थंड ज्योतीची कांडी

दचकू नका, मी भाजत नाही. मी थंड प्लाझ्माची कांडी बोलतेय. माझ्या पोटातून वायू जातो, त्यात वीज सोडली की टोकाशी नखाएवढी जांभळी ज्योत येते. बोट धरलंत तर कोमट लागेल, एवढंच.

माझी सुरुवातीची वर्षं जुन्या जखमा सुकवण्यात गेली. मग संशोधक बाईंनी मला मागून घेतलं. बाळंतपणं, ओझी आणि वय यांनी बाईच्या आतला आधार सैल पडतो, गर्भाशय खाली उतरतं. बायका याला 'अंग बाहेर येणं' म्हणतात. म्हणजे म्हणत नाहीतच, मनातच ठेवतात.

इस्त्रीवाल्या मावशींनी ते अकरा वर्षं मनात ठेवलं. शेवटी शस्त्रक्रिया झाली, तेव्हा आतल्या अस्तराचा छोटा तुकडा त्यांनी संमतीपत्रावर सही करून आम्हाला संशोधनासाठी दिला. दुसऱ्या बाळंतपणानंतर त्यांची मुलगीही त्यांच्यासारखीच जपून उठू-बसू लागली होती. मायलेकी त्यावर चकार शब्द काढत नव्हत्या.

तुकड्यातल्या पेशी काचेच्या बशीत वाढवल्या. माझ्या ज्योतीने त्या चेतवायच्या, म्हणजे आधाराचे नवे धागे तयार होतील, अशी बाईंना आशा. पण दरवेळी बशीच्या मधल्या पेशी मरायच्या. बाईंचा हात तर तीस सेकंद तसूभर हलायचा नाही, आणि त्याचाच त्यांना कोण अभिमान! विभागप्रमुखांनी बजावलं, या महिन्यात जमलं नाही तर हे काम बंद. खोट माझ्यातच आहे असं वाटायचं.

तपासणीला आलेल्या मावशी मुलीला घेऊन आपला तुकडा बघायला आल्या. काचेपलीकडून त्यांनी बाईंचं काम नीट पाहिलं.

"ताई, इस्त्री एका जागी धरली की कापड जळतं. हात फिरता ठेवा."

बाई हसल्या, मग बशीच्या मधल्या मेलेल्या पेशींकडे पुन्हा निरखून बघू लागल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बशीभर हलकेच फिरवलं. काही दिवसांनी पाहिलं तर मधल्या पेशीही जगल्या होत्या, धागेही वाढले होते. काम वाचलं. बाईंनी मावशींना आणि त्यांच्या मुलीला मुद्दाम बोलावून दाखवलं.

"माझ्या लेकीला उपयोग होईल याचा?" मावशींनी विचारलं.

"माहीत नाही, मावशी. अजून सगळं बशीतच आहे. माणसापर्यंत पोचायला वर्षं लागतील, कदाचित पोचणारही नाही."

मावशी मुलीकडे वळल्या.

"माझं अंग बाहेर येत होतं. लाज वाटली म्हणून बोलले नाही. तुलाही तेच होतंय ना गं?"

मुलगी होकारार्थी मान हलवून रडू लागली. बाईंनी सांगितलं की तिच्यासाठी व्यायाम आहेत, आत बसवायची आधाराची कडी आहे, आणि हे सगळं आजच मिळतं.

मी अजून एकाही बाईला बरं केलेलं नाही. तरी मला घडवणारे, फिरवणारे आणि फिरवायला शिकवणाऱ्या मावशी, सगळ्यांची मी ऋणी आहे. मावशी लेकीला हाताला धरून स्त्रीरोग विभागाच्या ज्या दारात गेल्या, ते खालच्या मजल्यावर, जिन्याच्या डावीकडे आहे. असा त्रास असेल तर माझी वाट बघत बसू नका, तुम्हीही जा.