तिकीट दालनातली कुजबुज

बंद पडलेल्या स्टेशनात पुन्हा रांग लागली होती. गाडी नव्हती, रूळ निम्मे उखडून नेलेले, तिकिटाच्या खिडक्यांवर फळ्या ठोकलेल्या. तरी माणसं मुकाट उभी होती. कुणाच्या हातात फोटो, कुणाच्या हातात चष्मा, एकीनं तर नवऱ्याची मोडकी छत्री आणली होती. मेलेली माणसं इथे बोलतात, असं गावभर झालं होतं. कोपऱ्यातल्या दगडाला कपाळ टेकवायचं, हळूच हाक मारायची, की दगडातून उत्तर येतं. माणसं तिथून रडत परतायची आणि तीच दुसऱ्या दिवशी पुन्हा रांगेत दिसायची.

हे स्टेशन बांधलं तेव्हा गावाला वाटलं होतं, आता सगळं जग इथेच गाडी बदलणार. काही वर्षं तसं झालंही. तिकीट दालनावर घुमटाकार छत, रुंद जिने, बायकांच्या वेटिंग रूममध्ये माणसाहून उंच आरसा. मग कुणीतरी नकाशावर सरळ रेघ ओढली, नवी लाइन डोंगरापलीकडून गेली आणि आमच्याकडे उतरायचं कारणच उरलं नाही. आधी रात्रीच्या गाड्या गेल्या, मग हमाल, मग उपाहारगृह. शेवटी शेवटी गाडीतून उतरणाऱ्यांपेक्षा तिला बघायला येणारे जास्त असायचे. आता त्या आरशात फुटक्या छतातलं आभाळ दिसतं. संध्याकाळी तिथे एकटीनं उभं राहायला मी कचरते, हे आधीच सांगून टाकते. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईच्या अंगावर काटा येत नाही असं थोडंच आहे.

या पडझडीत गार्डसाहेब अवतरले. अंगात गार्डाचा जुना कोट, काखेत हिरवं निशाण, गळ्यात शिट्टी. त्यांनी रेल्वेत नोकरी केल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. “मरण म्हणजे काय? गाडी बदलणं,” ते रांगेला सांगायचे. “सामान इथेच राहतं, प्रवासी पुढे जातो. आम्ही फक्त सिग्नल देतो.” मग शिट्टी फुंकून एकेकाला कोपऱ्याकडे सोडायचे. शिवाय इंजिनात पाणी भरायच्या जुन्या टाकीतलं पाणी बाटलीत मिळायचं. ते गुडघ्यांना चालायचं, पोटाला चालायचं, डोळ्यांनाही चालायचं. एवढं गुणी पाणी पिऊन त्या काळची इंजिनं म्हातारी कशी झाली, हे मात्र कुणी विचारत नव्हतं.

मीही हसून सोडून दिलं असतं, पण त्या रांगेत माझी मावशी होती. तिला काचबिंदू होता. डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं की गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली टिकवायची तर थेंब रोज घालायलाच हवेत. आणि मावशीनं थेंब बंद केले होते. दगडातून काकांनी, म्हणजे तिच्या गेलेल्या नवऱ्यानं, तिला सांगितलं होतं म्हणे, औषध सोड, टाकीचं पाणी डोळ्यांत घाल.

काका याच स्टेशनात गाड्यांची घोषणा करायचे. त्यांचा आवाज बाजारापर्यंत ऐकू यायचा. घरी मीठ मागायचे तेही फलाटावर गाडी लागल्याच्या थाटात. हा माणूस आयुष्यात कधी कुजबुजला नव्हता, हे मी मावशीला सांगून पाहिलं. ती म्हणाली, “आता थकले असतील गं.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आणि मावशीचा मुलगा, म्हणजे आमचा दादा, स्टेशनात गेलो. पाण्याच्या बाटल्या विकणारी बाई रांगेत फिरत होती. मोठी गोड बाई. कोण गेलं, कधी गेलं, तुम्हाला काय म्हणून हाक मारायचे, सगळं मायेनं विचारायची. मग बाटल्या भरायला म्हणून दालनाच्या पार दुसऱ्या टोकाला, मोडक्या सामानगाड्यांच्या आडोशाला जायची. ती रांगेत गुंतलेली बघून मी त्या आडोशाला शिरले. दोन पिंपं, एक स्टूल, आणि स्टुलासमोर भिंतीचा रिकामा कोपरा. मी वाकून पाहायला गेले, तेवढ्यात माझ्या कानाशी कुणीतरी कण्हलं.

मी गर्रकन वळले. मागे कुणी नव्हतं. पुन्हा तोच आवाज आला, अगदी खांद्यावर ओठ ठेवल्यासारखा: “आई गं, गुडघा. गोळी घरीच राहिली वाटतं.”

मी सामानगाडीच्या फटीतून पाहिलं. सगळ्या दालनापलीकडे, समोरच्या कोपऱ्यात गार्डसाहेब दगडाला टेकून गुडघा चोळत होते. मग मी वर पाहिलं. छताची कमान त्यांच्या डोक्यावरून निघून वळत वळत थेट माझ्या कोपऱ्यात उतरली होती. या कोपऱ्यात काढलेला बारीक आवाज इकडेतिकडे न सांडता छताच्या कडेनं घसरत त्या कोपऱ्यात पोचतो, आणि तिथला इथे. मधे उभ्या असलेल्याला काही ऐकू येत नाही. बाटल्या भरायला म्हणून येणारी ती गोड बाई या स्टुलावर बसून मेलेल्यांच्या नावानं बोलत होती. कपाळ दगडाला टेकवायला सांगत, कारण कान नेमका जागेवर यायला हवा.

बाहेर येऊन दादाला सगळं सांगितलं. तो शिंपी माणूस, कापड हातात आलं की लगेच कात्री चालवणारा. म्हणाला, “मग सोपं आहे. मी त्या बाईला बाहेर अडकवतो. तू कोपऱ्यातून अण्णांच्या नावानं सांग, थेंब घाल म्हणून. आई त्यांचं ऐकेल. तुझं-माझं ऐकते का?” काकांना तो अण्णा म्हणायचा.

मला ते पटलं. खोटं कशाला बोलू, अगदी पटलं.

संध्याकाळी मावशीचा नंबर लागला. दादा बाईशी बाटल्यांवरून घासाघीस करत राहिला आणि मी स्टुलावर बसले. शिट्टी वाजली. मग माझ्या कोपऱ्यातून मावशीचा आवाज आला.

“अहो, आलात का? तुमचं पाणी रोज घालते डोळ्यांत. पण कडेनं काळं वाढत चाललंय. परवा दादा शेजारी उभा होता, तो दिसलाच नाही मला. भीती वाटते हो. काय करू?”

एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य ओठांवर आलंही होतं. पण आज मी काका झाले असते, तर उद्या या स्टुलावर जो बसेल तो काका झाला असता. आणि ज्या मावशीनं मला वाढवलं, तिनं शेवटपर्यंत त्या दगडालाच विचारलं असतं.

“मावशी, मी आहे,” मी म्हटलं. “तुझी भाची.”

मग: “तू? आणि हे कुठेयत?”

“इथे ते नाहीत गं. कोपरा आहे, आणि मी आहे.”

मावशी वळली आणि भरल्या दालनाला म्हणाली की दगडातून तिची भाची बोलते आहे. गार्डसाहेबांनी लगेच सावरून घेतलं. आत्मा कधीकधी नातेवाइकाचा आवाज उसना घेतो, असं काहीसं. पण तोवर मी सामानगाड्या ढकलून सगळ्यांसमोर उभी होते. मी रांगेतल्या न्हाव्याला माझ्या कोपऱ्यात बोलावलं, बेकरीवाल्याला समोरच्या. त्यांनी एकमेकांना हळूच चार शब्द ऐकवले आणि दोघांचेही चेहरे उतरले. कुणीतरी विचारलं, मग आमच्या माणसाचा आवाज आम्ही ओळखला तो कसा? मी सांगितलं, की कुजबुजताना गळ्यातल्या तारा कंप पावत नाहीत, नुसती हवा सरकते. माणूस ज्या सुरावरून ओळखू येतो तो सूरच कुजबुजीत नसतो. बाईची कुजबुज पुरुषाची वाटते, परक्याची आपल्याची वाटते. सूर आपण घालतो, आपल्या आठवणीतून.

गार्डसाहेब फलाटाच्या बाजूनं सटकले. गुडघा दुखत असूनही बरेच चपळ निघाले. त्या स्टेशनातून निघालेला तो शेवटचा प्रवासी.

टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत. छत्रीवाली बाई माझ्याजवळ येऊन म्हणाली, “एवढंच मिळत होतं. तेही काढून घेतलंस.” मला फार वाईट वाटलं. अजून वाटतं.

सगळे गेल्यावर मावशीनं त्या दुसऱ्या कोपऱ्यात बसायचा हट्ट धरला. मी समोर जाऊन दगडाला कपाळ टेकवलं. दगड गार होता. छतात पारवे हलले, आणि मग कानाशी आवाज आला: “दमलीस का गं बाळा?”

ती माझी आई होती. मावशीची थोरली बहीण, जाऊन कितीतरी वर्षं झालेली. पलीकडे मावशीच बसलीय आणि कमान कशी चालते, हे मला ठाऊक होतं, कुजबुजीला सूर नसतो हे मीच तासाभरापूर्वी सांगितलं होतं, तरी ती आईच होती आणि मी लहान मुलासारखी रडले. म्हणून फसलेल्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. आठवण खरी असते, दुःख खरं असतं. आठवणीशी खुशाल बोलावं. फक्त औषध कुठलं घ्यायचं हे तिला विचारू नये. ते जिवंत, शिकलेल्या माणसाला विचारावं, समोरासमोर, उजेडात. आणि जो आडोशाला बसून सांगतो, त्याचा आडोसा आधी बाजूला करून पाहावा.

मी डोळे पुसून परत आले. दादानं खिशातून थेंबांची बाटली काढली. मावशी स्टुलावर बसली, मान मागे टाकली. वर छताकडे तिचे डोळे उघडे होते. त्यातलं किती तिला दिसत होतं, कोण जाणे.

“डोळा मिटू नकोस,” मी हळूच म्हटलं.

“मोठ्यानं बोल,” मावशी म्हणाली. “यापुढे माझ्याशी कुणी कुजबुजायचं नाही.”

मी मोठ्यानं बोलले.