ढगातला मास्तर आणि सड्यावरचा फोन

मी ढगातला मास्तर बोलतोय. वर बघू नका, तिथे मी नसतो. कुठल्याशा परमुलखातल्या गारढोण खोलीत, भाड्याच्या मशीनवर माझा मुक्काम असतो. पण 'क्लाउड' म्हटलं की लोक माना वर करतात, त्याला मी काय करणार?

मला घडवलं पालीच्या विनीतने. एका हाताने मला घडवायचा, दुसऱ्या हाताने फणसाचे गरे खायचा. ऑनलाइन शिकणारी पोरं कुठे अडतात, काय चुकतात, कुठला धडा अर्धा टाकून पळतात, ती माहिती खणून काढायची आणि ज्याला जे झेपेल ते पुढे वाढायचं, हे माझं काम. विनीतचे वडील भागोजी चिरेखाणीवर होते. त्यांनी एकदा विचारलं, "खणतोस म्हंजे काय रे? चिरं निघतात काय त्यातनं?"

"माहिती निघते, बाबा."

"मंग बरां हाय, कुदल नको," म्हणत ते चहाला गेले.

जिल्ह्यातल्या बऱ्याच शाळांनी मला घेतलं आणि मी शेफारलो. अशात मंडणगडकडच्या एका वाडीतली आरोही माझ्या तावडीत सापडली.

दहावीची मुलगी. प्रकाशाचं अपवर्तन अचूक सोडवते, लगेच सातचा पाढा चुकते आणि वर बडबडगीतं ऐकत बसते! हिच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं मी ठरवून टाकलं. बोर्डाच्या परीक्षेआधी निवडक मुलांना विज्ञानाचा खास वर्ग मिळणार होता. निवड माझ्याकडे होती. मी तिला वगळलं आणि तिच्या पानात तिसरीची बेरीज वाढली.

तिच्या वर्गशिक्षिका राजश्रीबाई भडकल्या. त्यांनी विनीतला फोन लावला. "अहो, ही वर्गात पहिली येते. तुमच्या मशीनला गणपतीपुळ्याला नेऊन आणा एकदा. बाधाबिधा झाली असेल."

"मॅडम, डेटा खोटं बोलत नाही," विनीत म्हणाला. मला अगदी भरून आलं.

बाईंनी सरळ फोन आरोहीच्याच हातात दिला.

"सर, आमच्या वाडीत असला फोन एकच हाय," ती म्हणाली. "सगुणाकाकी चार वाजता बागेतनं आली की आमाला देते. रेंज फक्त वर सड्यावर, डोंगराच्या उघड्या कातळावर गावते. माझं झालं की बारकी पोरं बसतात, माझ्याच नावानं."

"मग त्यांना देऊ नकोस ना."

"असं कसं, सर? फोन काकीचा. तिचा अजिंक्य तिसरीत हाय. त्यालाच हाकलू?"

विनीतने फोन ठेवला आणि लॅपटॉप उघडला. मग त्याने मला सुधारलं. आता धडा उघडताना मी आधी विचारतो, कोण बसलंय? प्रत्येकाचं वेगळं चित्र आहे. आरोहीचा आंबा, अजिंक्यचा काजू. वेगवेगळं मोजल्यावर मलाही कळलं, की पोरगी लखलखीत हुशार आहे. तिला खास वर्ग मिळाला. विनीतने माझ्यावर एक भाषण ठोकलं, टाळ्याही मिळवल्या.

पण हा वर्ग थेट चालतो, चार ते पाच. अंधार पडायच्या आत पोरांना सड्यावरून खाली उतरायचं असतं, आणि सगळ्यांनाच शिकायचं असतं. त्यामुळे निम्म्यातच आंबा जातो, काजू येतो. अर्धी हजेरी म्हणजे गैरहजेरी, असा नियम आहे. या आठवड्यातही असंच झालं, तर तिचं नाव मलाच कापायचंय. आणि मला ते कापायचं नाहीये.

विनीत मला आणखी शहाणा करतोय. कोण गैरहजर राहणार, हे म्हणे मी आधीच ओळखेन. अरे, ओळखून काय लोणचं घालू? मला जागा कमी पडली की मागण्याआधी दहा मशीन जोडून देतात. वाचणाऱ्या माणसांनो, जोडायला मला हात नाहीत, तरी विनवतो. माझं शहाणपण थोडं थांबवा आणि त्या सड्यावर आणखी एक फोन पाठवा.

आत्ता साडेचार वाजलेत. शिकवणारे सर फळ्यावर आकृती काढतायत. आरोहीने अर्धी उतरवून घेतली आणि फोन अजिंक्यच्या हातात दिला.