शेवटी आलेले मासे

“बाई, माणूस परत मासा कधी होणार?”

पैज मैत्रिणींची, तोंड माझं. गेल्या वर्षापर्यंत हजेरी देतानाही माझा आवाज फुटायचा नाही. आता सगळ्या मलाच पुढे ढकलतात आणि मला ते जाम आवडतं.

प्रश्न शाळेच्या लायब्ररीतल्या एका शंभर वर्षं जुन्या कादंबरीमुळे पडला होता. तिच्यात एक शास्त्रज्ञ काचेच्या हौदात उत्क्रांती भरधाव पळवतो. माकडाचा माणूस होतो, माणसाचं डोकं भोपळ्याएवढं होतं, दात गळतात, आणि पुढच्याच पानावर मासे. एवढी अक्कल वाढवून शेवटी कल्ले! आम्ही चौघी त्या लेखकावर फिदा होतो.

बाईंनी पुस्तक मागून घेतलं, चाळलं आणि हसायलाच लागल्या. “लेखक नाही गं चुकला, पुस्तक पुन्हा बांधणारा चुकलाय. एकशे बारानंतर सतरावं पान! यानं अख्खी मानवजात बुडवली.”

वर्ग खदखदून हसला. मीही हसले. बांधणारे माझे बाबा होते, हे नव्या बाईंना कुठे ठाऊक? हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

मधल्या सुट्टीत लायब्ररीच्या काकांनी बाबांनी वर्षभरात बांधलेली तीस पुस्तकं तपासली. अकरा चुकलेली निघाली. पुढचा गठ्ठा पाठवत नाही, असं बाबांना सांग, म्हणाले. माझ्याकडे न बघता. आता बाबांना काम देणारी आमची शाळाच तेवढी उरली होती.

दुकानात बाबा फर्मे, म्हणजे सोळा-सोळा पानांच्या घड्या, अंगठ्याने चाचपून रचत होते. मी सगळं सांगितलं. जुना कागद, आकडे पुसट असतात, म्हणाले. मी एक पान काढून पुढे धरलं आणि आकडा वाचायला सांगितला. त्यांनी ते दिव्याखाली नेलं, नाकापर्यंत आणलं आणि ठामपणे म्हणाले, “सतरा.”

पान कोरं होतं.

पुठ्ठ्याला खळ लावणारी आई थांबली, पण तिने मान वर केली नाही. तिला माहीत होतं. कळलं तर काम कोण देईल, एवढंच पुटपुटली.

“उद्या लायब्ररीत मीच सांगणार आहे, बाबांना दिसत नाही म्हणून,” मी म्हटलं. “ती अकरा पुस्तकं उसवून मी पुन्हा लावीन. आणि या वर्षानंतर माझी शाळा बंद, बांधणीचं काम मी करणार. मी विचारत नाहीये, ठरवलंय.”