आमच्या फाटकावर शिकलेले ड्रायव्हर

ट्रकनं आमच्या फाटकाचा उजवा खांब पाडला की मला दरवेळी एकच उत्तर मिळायचं, पोट्टा नवा आहे. मग गवंडी यायचा, खांब उभा राहायचा. तोवर तो पोट्टा जुना होऊन नागपूरच्या लाइनीवर लागलेला असायचा आणि त्याच्या जागी आणखी नवा आलेला असायचा.

मी वनमाला. रायपुरात मोहल्ल्याला पारा म्हणतात; तात्यापाऱ्यात आमचं घर गल्लीच्या मध्यावर आहे, आणि गल्लीच्या टोकाला रामकृष्णभाऊंचं सिमेंट-सळयांचं गोदाम. छत्तीसगड वेगळं झालं, रायपूर राजधानी झाली आणि जो तो बांधायला निघाला. मंत्र्यांना बंगले हवेत, साहेबांना क्वार्टर हवेत. पूर्वी गल्लीत आठवड्यातून एखादा ट्रक यायचा, आता रोज सकाळी यायला लागला. राजधानी झाली तेव्हा पेढे मीही वाटले होते. ती पोत्यापोत्यानं माझ्याच दारात उतरवली जाणार हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

आता ट्रकवाल्यांची शिकवायची रीत ऐका. जुना ड्रायव्हर, म्हणजे उस्ताद, रात्रभर हायवेवर गाडी हाकतो. सकाळी गल्लीच्या तोंडाशी आणून उभी करतो, उतरतो, टपरीवर चहा घेत बसतो आणि हाताखालच्या नव्या माणसाला म्हणतो, लाव गाडी. म्हणजे मोकळ्या रस्त्यावर, जिथं आडवी आलेली म्हैस कोसभरावरून दिसते, तिथं जाणता माणूस. आणि जिथं नाली आहे, सायकली आहेत, लेकरं आहेत, तिथं अजाण. याला हे लोक ट्रेनिंग म्हणतात. पोहायला शिकवायचं म्हणून दुसऱ्याच्या पिण्याच्या विहिरीत ढकलावं, तसंच हे झालं.

आमच्या घरापुढं गल्ली जराशी रुंद आहे, म्हणून शाळा आमच्या दारात. मारोती उस्ताद मूळचा गोंदियाचा, आवाज खणखणीत. तो टपरीवरूनच ओरडायचा, आरसा बाईच्या खांबाजवळ आला की काट, म्हणजे स्टेअरिंग फिरव. ज्याला ते जमलं त्याची गाडी फाटकासमोर आडवी लागायची आणि ज्याला नाही जमलं त्याची खांबात घुसायची. दोन्हींत फाटक बंदच. मग हमाल येईपर्यंत गाडी तिथंच उभी.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं, पण मी व्हरांड्यात बालवाडी चालवते. पाऱ्यातली तीन-चार वर्षांची लेकरं सकाळी येतात. ट्रक उभा असला की त्यांना भिंत आणि चाक यांच्या मधल्या फटीतून, नालीच्या काठाकाठानं यावं लागायचं. माझे यजमान शेखरराव रेल्वेच्या ऑफिसात आहेत. भांडणाचा वास आला की ते चष्मा पुसायला घेतात. त्यांचं म्हणणं असं की रामकृष्णभाऊ आपलाच माणूस आहे, गणपतीची वर्गणी तोच सगळ्यात जास्त देतो, थोडं सांभाळून घ्यावं. मी सांभाळून घेत होते.

मग एक दिवस फटही उरली नाही. गाडी भिंतीला चिकटूनच लागली होती. मी व्हरांड्यात मुलांच्या चटया घालत होते आणि त्या दिवसांत शिकायला आलेला नत्थू गाडी गोदामाकडे सरकवायला वर चढला. इंजिन सुरू झालं, आणि मला मागच्या चाकाजवळ लाल रिबीन दिसली. पाऱ्यातल्या मीराची लेक, ईरा. रस्ता नाही म्हणून ती ट्रकखालून रांगत येत होती, गळ्यात पाण्याची बाटली.

मी काय ओरडले ते मला आठवत नाही. नत्थूनं दचकून ब्रेक मारला. ईरा गुडघे झटकत बाहेर आली आणि मला मोठ्या कौतुकानं म्हणाली की ती बोगद्यातून आली. मी तिला छातीशी धरलं आणि ढसाढसा रडले. रडून झालं तशी मला स्वतःचीच चीड आली, कारण रडायचं काम माझं नव्हतं.

मारोतीनं त्या दिवशी नत्थूच्या कानाखाली वाजवली. चोर सोडून संन्याशाला फाशी. नत्थू अभनपूरकडचा, तिशीतला, शेतीत भागत नाही म्हणून या धंद्यात आलेला. तो गाल चोळत ईराकडेच पाहत राहिला होता.

दुसऱ्या दिवशी बालवाडीत लेकरं निम्मी, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याहून कमी. मीरा येऊन सांगून गेली. भांडली नाही, उलट माझा हात हातात घेऊन म्हणाली की बाई, राग नका धरू, पण ट्रक उभा राहील तोवर मी ईराला पाठवणार नाही. ती चुकीचं काही बोलत नव्हती. पण एकेक आई हेच बोलायला लागली तर महिन्याभरात माझी बालवाडी मिटणार हे मला दिसत होतं. या पाऱ्यातल्या किती पोरांना मी अक्षर गिरवायला शिकवलं, आणि ही बालवाडी एका ट्रकपायी बंद करायची?

मी गोदामात गेले. रामकृष्णभाऊंनी खुर्ची दिली, चहा मागवला. ईराचं कळलं, देवानं वाचवलं म्हणाले. मग म्हणाले की वहिनी, खांबाची चिंता सोडा, यंदा मार्बलचा लावून देतो. मी म्हटलं, खांबाबद्दल आलेच नाही मी. ते हसले.

"अवं वहिनी, तुमच्या फाटकावर किती पोट्टे ड्रायव्हर झाले. त्यांच्या घरी चुली पेटून राहिल्या. हे काय कमी पुण्य आहे?"

मी चहा तसाच ठेवून उठले. माझ्या दाराचं पुण्य हा माणूस मलाच वाटत होता.

घरी आल्यावर मी शेखररावांना सांगितलं की सोमवारी बालवाडी फाटकाबाहेर भरेल. ते म्हणाले, घरचं भांडण चव्हाट्यावर कशाला? मी म्हटलं, चव्हाटा आधीच आपल्या दारात येऊन उभा आहे. त्यांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

मी घरोघर फिरले. आयांना म्हटलं, लेकरांना एकटं पाठवू नका, तुम्हीही या आणि मांडीवर घेऊन बसा. सगळ्या नाही आल्या. पण मीरा आली, ईराला घेऊन. मग तिला पाहून इतर आल्या. सोमवारी सकाळी आमच्या फाटकापुढं गल्लीत चटया पसरल्या, छोट्या खुर्च्या मांडल्या आणि मी फळा भिंतीला टेकवून 'अ' काढला. शेखरराव ऑफिसला निघाले होते. दारात थांबले, परत आत गेले, आणि आजारी असल्याचा निरोप पाठवून एका चटईवर येऊन बसले. त्यांना इतक्या बायकांत बसायची सवय नव्हती.

ट्रक आला. रिवाजाप्रमाणे मारोती उतरून टपरीवर गेला आणि नत्थू गाडी घेऊन आत आला. आम्हाला पाहून थांबला. हॉर्न वाजवला नाही. मारोती मात्र टपरीवरून ओरडला की बाई, बाजूला व्हा, माल उतरवायचा आहे. मी 'आ' काढला.

तो चिडून आला. मी त्याला म्हटलं, गाडी बंद करा आणि किल्ली माझ्या हातात द्या, मग बोलू. एवढ्या बायका बघत होत्या म्हणून असेल, त्यानं दिली. तो पाठ फिरवून टपरीकडे वळला, तेवढ्यात मी नत्थूला खाली बोलावलं. ईराची खुर्ची ट्रकच्या डाव्या पुढच्या चाकाशी ठेवली आणि त्याला बसायला सांगितलं. तो एवढा थोराड माणूस, गुडघे छातीशी घेऊन बसला. दोन मुलं हसली.

"उस्ताद, आता वर बसा. आणि सांगा, चाकापाशी कोणी आहे का," मी मारोतीला हाक मारून म्हटलं.

मारोती चढला. आरशात पाहिलं, काचेतून पाहिलं, मान उंच केली.

"साफ आहे," तो म्हणाला. "कोणीच नाही."

आयांनी लेकरांना आणखी जवळ ओढलं. नत्थू त्या खुर्चीवर तसाच बसून होता, डोक्याशेजारी चाक. त्याचा चेहरा उतरला. मारोतीनं वरून विचारलं की आता काय पाहून राहिले सगळे, तेव्हा नत्थू उठला आणि त्याला दिसेल असा समोर गेला.

"उस्ताद, मैं इहां गाडी नहीं लगाऊंगा."

"काय म्हणून राहिला?"

"हव, नहीं लगाऊंगा. मेरी भी इत्ती बड़ी लड़की है."

मारोतीनं त्याला सांगून पाहिलं, मग दम दिला की लावणार नसशील तर आजपासून दुसरा उस्ताद पाहा. नत्थूनं खांद्यावरचा गमछा काढून पुन्हा खांद्यावर टाकला आणि मीराच्या चटईमागं जाऊन उभा राहिला. मी किल्ली मारोतीला परत दिली. म्हटलं, पुढं आम्ही आहोत, तुम्ही गाडी मागं घ्या.

आणि तिथं एक गंमत झाली, जी मी जन्मात विसरणार नाही. उस्तादाला गाडी मागं घेता येईना. आधी नालीकडे गेली, मग समोरच्या ओट्याकडे. पुढं घेतली, मागं घेतली, घामाघूम झाला. मग माझ्या लक्षात आलं. इतकी वर्षं गल्लीत गाडी लावायचं काम त्यानं नव्यांवर टाकलेलं. तोही कुणाच्या तरी खांबावर असाच शिकला असणार आणि हात बसायच्या आत उस्ताद झाला असणार. शिकवणाराच कच्चा होता, आणि ते झाकायला चहा होता. मला त्याची दया आली नाही. आली असती तर सांगितलं असतं.

शेवटी त्यानं खिडकीतून डोकं काढून नत्थूला हाक मारली की मागं पाहून सांग रे. नत्थू गेला, पण मागं जाऊन नुसता ट्रकच्या पत्र्यावर थापटत उभा राहिला नाही. आधी गल्ली चालून पाहिली, ओट्यावरची सायकल उचलून बाजूला केली, मग हात दाखवला. ट्रक इंचाइंचानं गल्लीबाहेर निघाला.

तोवर रामकृष्णभाऊ स्कूटरवरून आले होते. कुणीतरी वर्दी दिली असणार. त्यांनी चटया पाहिल्या, शेखररावांना पाहिलं, आणि माझ्याकडे न पाहता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की ही कोणती रीत झाली, माल खराब होतो, मजूर बसून राहतात, गाडी आता लावायची कुठं ते तरी वहिनींनी सांगावं.

"तुमच्या घरापुढं लावा," मी म्हटलं. "ब्राह्मणपाऱ्यात तुमच्या दारात जागा आहे. नवे पोट्टे तिथंच शिकू द्या. पुण्य घरातच राहील."

ते एकदम उसळले. विचार करायला वेळच घेतला नाही.

"काही तरीच काय वहिनी? तिथं माझी नातवंडं खेळतात."

बोलून झालं आणि ते थांबले. चटईवर ईरा मीराच्या मांडीत बसून त्यांच्याकडे पाहत होती. बाकीची लेकरंही पाहत होती. मी फळ्याकडे वळले आणि 'इ' काढला. बोलायचं ते त्यांनीच बोलून टाकलं होतं.