लोकरीत खोचलेल्या काड्या

आत्याची नजर म्हणजे नजर. धुतलेल्या लोकरीचा ढीग टेबलावर पडला की ती चष्मा कपाळावर सरकवायची, हातात चिमटा धरायची आणि गवताच्या काड्या, कुसळं, वाळक्या लेंड्यांचा चुरा, सगळं वेचून काढायची. गिरणीवाले असल्या भानगडीत पडत नाहीत. ते लोकर ॲसिडात बुडवतात. कचरा जळतो आणि लोकरही राठ होते. भाच्याच्या कारखान्यात मात्र कोमट पाणी, सौम्य साबण, सावलीतलं वाळवण आणि आत्याची बोटं. म्हणून तर एकेक लडी सोन्याच्या भावाने जायची. प्रत्येक लडीला कार्ड असायचं, 'आत्याने हाताने वेचलेली'. भाऊ कारखाना चालवायचा तेव्हापासून तीस वर्षं वेचत बसलेल्या बाईला त्या एका ओळीचा केवढा अभिमान!

त्या सकाळी भाचा एक पुडी घेऊन आला. पुडीत गवत होतं. बारीक कापलेलं, वर भट्टीत भाजून निर्जंतुक केलेलं.

"आत्या, प्रत्येक लडीत दोन-तीन काड्या खोचायच्या."

"काय खोचायच्या?"

"काड्या गं. गिऱ्हाइकं म्हणतात, इतकी स्वच्छ लोकर हाताची असूच शकत नाही, यंत्राची असणार. जरा कचरा दिसला की खात्री पटते त्यांची."

पोरगं थट्टा करतंय, असं आत्याला वाटलं. थट्टा नव्हती.

"अरे, जन्मभर जे उपसलं तेच परत घालू? आणि वर माझं नाव?"

"काडी नेमकी कुठे अडकते, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?"

ही म्हणे स्तुती! तरी तिने खोचल्या. घर भाच्याचं, अन्न भाच्याचं, नाही म्हणायला जीभ रेटेना. दोन दिवसांत सव्वाशे लड्या झाल्या. सगळ्यात किळसवाणी गोष्ट ही, की काम फक्कड झालं होतं. खुद्द मेंढी फसली असती.

तिसऱ्या दिवशी एका मोठ्या दुकानाच्या मालकीणबाई आल्या. त्यांनी लडी गालाला लावली, त्यातली एक काडी उपटली आणि डोळे मिटून हुंगली.

"अगदी कुरणाचा वास येतो हो!"

भट्टीत भाजलेल्या गवताला कुरणाचा वास! आत्याला राहवेना. "बाई, ती काडी मी खोचलीय. कचरा मीच काढला आणि मीच परत घातला."

भाच्याचा चेहरा पांढराफटक पडला. बाई मात्र गहिवरल्या.

"स्वतःच्या हाताने?"

"हो. चिमट्याने."

"एकेक?"

"एकेक."

बाईंनी तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि दुप्पट माल मागितला. त्या मऊ, क्रीम चोपडलेल्या हातांची आत्याला अशी शिसारी आली की बाईंची पाठ वळताच ती नळाखाली हात घासत उभी राहिली.

भाचा हसत सुटला होता. "वाचलो बुवा! खरं बोललीस आणि वर ऑर्डर!"

"कार्डावरून माझं नाव काढ."

"ते काढलं तर विकायचं काय, आत्या?"

आत्याने बांधून ठेवलेली खोकी ओढली, टराटरा फाडली, लड्या टेबलावर ओतल्या आणि चिमटा उचलला. एक काडी काढली, फरशीवर टाकली. दुसरी. तिसरी. माझ्या नावाने हा उकिरडा या घराबाहेर जाणार नाही, मग राहायला जागा मिळो न मिळो. दहा-बारा लड्या झाल्यावर हात आपोआप चालू लागले, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा तिला जरा स्वच्छ वाटलं.

दारात भाचा येऊन उभा राहिल्याचं तिला कळलं. आता हा आरडाओरडा करणार. करू दे. मनातून तिला तेच हवं होतं. ती मान वर करून बघते तर त्याने मोबाइल समोर धरलेला.

"थांबू नकोस आत्या," तो हळूच म्हणाला, "फक्त जरा खिडकीकडे तोंड कर."