ताईंच्या मानेतले भोवरे

मी डॉक्टरीणबाईंचा स्टेथोस्कोप. जन्मभर दुसऱ्यांचं ऐकत आलो, आज माझं थोडं ऐका.

मला दुकानातून आणलं ते ताईंनी. ताई म्हणजे बाईंची थोरली बहीण. आईमागे शिवणकाम करून त्यांनीच धाकटीला डॉक्टर केलं. "हा हरवलास तर माझ्याशी गाठ आहे," असं बजावून त्यांनी मला बाईंच्या गळ्यात अडकवलं.

बाईंमुळे मला एक गोष्ट उमगली. मोकळ्या वाटेनं सरळ वाहणारं रक्त आवाज करत नाही. वाट अरुंद झाली की त्याचा वेग वाढतो, प्रवाह विस्कटतो, भोवरे उठतात. ते भोवरेच मला ऐकू येतात.

माणसं मोठी गमतीची. मी छातीला टेकलो की काहीजण उगाच ताठ बसतात, काहीजण नेमके तेव्हाच बोलायला लागतात.

एका दुपारी ताई दवाखान्यात नवे पडदे लावायला आल्या. लावता लावता पडदा हातातून गळून पडला.

"काय झालं गं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. उजवी बोटं जरा मेल्यासारखी झाली. परवा शिवतानाही झालेली. येतात लगेच ताळ्यावर."

"आणि हे मला आत्ता सांगतेस?"

"तुला पेशंट काय कमी आहेत?"

बाईंनी त्यांना बळेच खुर्चीत बसवलं आणि मला मानेच्या डाव्या बाजूला टेकवलं, कारण उजव्या अंगाची सूत्रं मेंदूच्या डाव्या बाजूकडे असतात. "श्वास धर. बोलू नकोस."

"मी कुठं बोलते?"

त्या गप्प झाल्या आणि मला ऐकू आलं. ठोक्यागणिक सूंऽऽ, सूंऽऽ. बाईंनी लगेच तपासणीची चिठ्ठी लिहायला घेतली.

तपासणीत कळलं, मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी जवळपास बुजली होती. शस्त्रक्रिया लगेच झाली. "उशीर झाला असता तर उजवं अंग गेलं असतं," सर्जन म्हणाले.

जखम भरल्यावर बाईंनी मला पुन्हा तिथंच टेकवलं. मी जिवाचे कान केले. काहीच ऐकू येईना. बाई डोळे मिटून बसूनच राहिल्या.

"एवढं काय ऐकतेयस?"

"काही नाही गं."

"मग रडतेस कशाला?"

आता माझी नळी कडक झालीय, तडे गेलेत. खुंटीवर निवांत आहे. तक्रार नाही, चांगल्या हातांत आयुष्य गेलं. एवढंच मागतो, बोटं क्षणभर जरी मेली तरी "गेलं, बरं झालं" म्हणून सोडून देऊ नका. कुणाला तरी ऐकू द्या. ताईंचं शिवणयंत्र शेजारच्या खोलीत चालू आहे, आणि मी इथून ऐकतोय.