गोळीचा पहिला दिवस

मी औषधाच्या दुकानात काम करते. दिवसभर गिऱ्हाइकांना दटावते, "गोळी चुकवायची नाही हं!" आणि माझ्याच लेकीची गोळी पर्समध्ये घेऊन मी नुसती हिंडत होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

लेक आठ वर्षांची. नाव शाळेपुरतं, घरात ती भिंगरीच. बूड एका जागी टेकेल तर शपथ. डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. लक्ष धरून ठेवायला मेंदूत डोपामिन नावाचं रसायन लागतं, तिच्याकडे त्याचं गणित जरा वेगळं आहे, यात तिचा दोष नाही आणि तुमचाही नाही. अहो, मला हे सगळं पाठ आहे! पण भीती काय पुस्तकाला विचारून येते? मला वाटायचं, गोळीने खोड्यांबरोबर माझी पोरच जाईल. ते खदाखदा हसणं, ते आगाऊ प्रश्न, सगळंच.

मग परवा ती एका फुग्यामागे माझा हात सोडून भर रस्त्यात धावली. ट्रकवाल्याने करकचून ब्रेक मारला म्हणून वाचली. आज सकाळी मुकाट्याने गोळी दिली.

शाळेतून आली, दप्तर जागेवर ठेवलं आणि चित्र काढायला बसली. गप्प! मी धावत गेले. नाडी पाहिली. डोळ्यांत टॉर्च मारला. "डोकं दुखतंय का? भूक आहे? एक जोक सांग बरं."

"थांब ना आई, हत्तीचे पाय राहिलेत."

थांबते कसली! पाणी आणलं, पंखा वाढवला, परत नाडी पाहिली.

"अगं बाई," नवरा दारातून म्हणाला, "जन्मात पहिल्यांदा पोरगी एका जागी बसलीय, आणि तूच तिला बसू देत नाहीयेस!"

"तू गप्प बस!" मी खेकसले. मला तिचं ते हसू हवं होतं, एकदाच, खात्रीपुरतं. एरवी खोडीचा जाब विचारायला बसते तशीच मी तिच्यासमोर फतकल मारली आणि तिच्या तोंडाजवळ तोंड नेऊन बघत राहिले.

तिने पेन्सिल खाली ठेवली. आवाज अगदी बारीक झाला होता.

"आई, मी काय केलं?"

"काही नाही गं, बाळा."

तिला ते पटेना.

"सांग ना. मला आठवत नाहीये, पण सॉरी."